फौज टेबलावर उतरवताना: वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न ‘वॉरहॅमर ४०,०००’बद्दलचे आहेत, म्हणजे रंगवलेल्या छोट्या मॉडेलांच्या फौजा टेबलावर फाशांनी लढवायच्या खेळाबद्दलचे. गेम्स वर्कशॉपने हा खेळ १९८७ साली बाजारात आणला. खालची उत्तरं जून २०२३ मध्ये आलेल्या दहाव्या आवृत्तीचे नियम धरून दिली आहेत. युनिटांचे (एकत्र लढणाऱ्या मॉडेलांच्या गटांचे) पॉइंट, म्हणजे यादीतली त्यांची किंमत, वर्षातून काही वेळा बदलतात, म्हणून ते इथे मुद्दाम टाळले आहेत. अंतरं खेळाच्या रिवाजाप्रमाणे इंचांत.

प्रश्न: नव्यानेच सुरुवात करतोय. टिरॅनिड आवडतात आणि कस्टोडीजही. २,००० पॉइंटांची यादी ठरवून सगळं एकदम घ्यावं, की आधी कॉम्बॅट पेट्रोलचा बॉक्स घ्यावा?

एकदम घेऊ नका. तुमची यादी रंगून टेबलावर येईपर्यंत पॉइंट बदललेले असतील, आणि दोन-चार डाव खेळल्यावर तुमचं मतही.

तुम्ही निवडलेल्या दोन फौजा म्हणजे दोन टोकं आहेत. कस्टोडियन गार्डच्या एका शिपायाचा टफनेस (घाव होऊ न देण्याची ताकद) ६, सेव्ह (चिलखताने वाचायला फाशावर लागणारा आकडा) २+, वूंड्स (किती घाव सोसतो) ३. इतका दणकट असल्यामुळे तो महाग पडतो आणि २,००० पॉइंटांत तीसेक मॉडेलांत फौज पूर्ण होऊ शकते. टिरॅनिडांच्या टर्मागंटचा टफनेस ३, वूंड १, आणि ते दहा किंवा वीसच्या थव्याने येतात. टिरॅनिडांची झुंडीची फौज सहज शंभराच्या पुढे जाते. टेबलावर शोभेल इतपत रंगकाम धरलं तरी एका शिपायाला तास-सव्वा तास जातो. शंभर टर्मागंट म्हणजे सव्वाशे तास, हे आधी स्वतःला विचारून घ्या. खेळतानाही फरक पडतो. थवा हलवायला वेळ लागतो आणि वेळेचं बंधन असलेल्या स्पर्धेत तुमच्या चौथ्या-पाचव्या फेऱ्या राहून जातात. उलट कस्टोडीजमध्ये एक युनिट चुकीच्या जागी उभं राहिलं की फौजेचा मोठा हिस्सा वाया गेला. शिकाऊ खेळाडूच्या चुका थव्यात खपून जातात, कस्टोडीजमध्ये खपत नाहीत.

कॉम्बॅट पेट्रोल हा स्वतंत्र छोटा खेळप्रकार आहे. ४४ बाय ३० इंचांचं टेबल पुरतं, डाव तास-दीड तासात आटोपतो आणि पॉइंट मोजावे लागत नाहीत, कारण प्रत्येक बॉक्सची स्वतःची डेटाशीट असतात. त्यांत कुणाच्या हातात कोणतं शस्त्र हेही ठरलेलं असतं. ते कागद वाचल्याशिवाय एकही हात चिकटवू नका. मोठ्या खेळात दुसरं शस्त्र वापरायचा मोह असेल तर पुढे चुंबकाचं उत्तर आहे.

पुढचा टप्पा १,००० पॉइंटांचा. तिथे तोच बॉक्स पुन्हा घेणं स्वस्तातलं वाटतं, पण हिशोब करून पाहा. एका डेटाशीटची जास्तीत जास्त तीन युनिटं चालतात, बॅटललाइन (फौजेचा कणा असलेली नेहमीची युनिटं) असतील तर सहा. नावाचा वीर एकच. दुसऱ्या बॉक्समधलं पायदळ कामी येतं, पण त्यातला सरदार बऱ्याचदा शोकेसमध्येच राहतो. पहिल्या चार-पाच डावांत ज्या युनिटाची उणीव जाणवली ते सुटं घ्या.

प्रश्न: स्पेस मरीन, २,००० पॉइंट. दोन लँड रेडर (रणगाडे), दोन रिडेम्प्टर ड्रेडनॉट (चालती लढाऊ यंत्रं), दहा टर्मिनेटर (जड चिलखतवाले), एक कॅप्टन आणि नाइलाज म्हणून पाच इंटरसेसर (साधं पायदळ). समोरच्याची अर्धीअधिक फौज उडवतो, तरी गुणांत हरतो. नेमकं काय चुकतंय?

चूक यादीतच आहे. नेहमीच्या सामन्यात १०० गुण असतात: ५० मुख्य मोहिमेचे, ४० दुय्यम मोहिमांचे आणि १० पूर्ण रंगवलेल्या फौजेचे. (हे दहा गुण फुकट सोडणारे खेळाडू पाहिले की आश्चर्य वाटतं.) ‘टेक अँड होल्ड’ ही सर्वांत साधी मुख्य मोहीम घ्या. दुसऱ्या फेरीपासून ताब्यातल्या प्रत्येक मार्करचे (टेबलावरच्या मोक्याच्या जागेच्या खुणेचे) ५ गुण, एका पाळीत कमाल १५. म्हणजे दोन मार्कर चारही वेळा हातात राहिले तर ४० गुण, तीन राहिले तर पन्नासची मर्यादा आधीच भरते. शत्रूची किती मॉडेलं पडली याचा इथे एकही गुण नाही.

आता गुण कधी मोजतात ते पाहा. तुमच्या कमांड फेजच्या शेवटी, म्हणजे तुमची पाळी जेमतेम सुरू झालेली असताना. मागच्या पाळीत मार्करवर जाऊन उभं राहणं पुरत नाही; समोरच्याची अख्खी पाळी, त्याचा गोळीबार आणि त्याचा चार्ज (धावून येऊन हातघाईला भिडणं) सोसून तिथे उरलात तर गुण. ‘मी मार्कर घेतला होता की’ ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते.

ताबा ठरतो तो ऑब्जेक्टिव्ह कंट्रोल (ओसी) या आकड्याने. मार्करपासून ३ इंचांच्या आतल्या मॉडेलांच्या ओसींची बेरीज करायची, ज्याची जास्त त्याचा मार्कर. टर्मिनेटरचा ओसी १, इंटरसेसरचा २, ऑर्क फौजेतल्या बॉइझ या पायदळाचाही २. तुमचे दहाच्या दहा टर्मिनेटर मार्करवर उभे केले तरी बेरीज १०, आणि समोर दहा बॉइझ असतील तर त्यांची २०. पाच मारलेत तर बरोबरी, आणि बरोबरीत मार्कर कुणाचाच नाही. सहावा पडला की मात्र चित्र पालटतं. युनिट निम्म्याच्या खाली गेलं म्हणून त्याला स्वतःच्या कमांड फेजमध्ये बॅटल-शॉकची चाचणी द्यावी लागते: दोन फाशांवर ७ किंवा जास्त. ३६ पैकी १५ वेळा हे दान पडत नाही, आणि मग उरलेल्यांचा ओसी शून्य. गुण मोजण्याच्या अगदी आधी. तेव्हा तीन युनिटांतले चार-चार मारण्यापेक्षा दोन युनिटांतले सहा-सहा मारा.

गोळीबाराबद्दलही थोडं. लासकॅनन या रणगाडाभेदी तोफेने लँड रेडरवर मारा करताना हिट ३+, ताकद १२ विरुद्ध टफनेस १२ म्हणून वूंड ४+, आणि २+ सेव्ह एपी (चिलखत भेदण्याचा आकडा) -३ मुळे ५+ वर येतो. दोन-तृतीयांश गुणिले निम्मे गुणिले दोन-तृतीयांश म्हणजे नऊ गोळ्यांत दोन लागू पडतात. एकेक सरासरी साडेचार नुकसान करते. हिशोब केला तर एका गोळीमागे बरोबर १ वूंड, आणि लँड रेडरला १६ आहेत. आडोसा मिळाला तर त्याहून कमी. हीच गोळी बॉइझवर मारलीत तर कितीही नुकसानाचं दान पडो, मरतो एकच. दुसऱ्या बाजूने, दहा इंटरसेसरांच्या बोल्ट रायफलीतून २० गोळ्या सुटतात. त्यांतल्या सुमारे १३ लागतात, टफनेस ५ मुळे साडेचारच्या आसपास वूंड होतात आणि शेवटी चारही बॉइझ पुरते मरत नाहीत. तुमच्या यादीत रणगाडे फोडायची सोय भरपूर आहे, पण गर्दी कापणारं आणि जागा धरणारं कुणीच नाही.

दुरुस्ती अशी करून पाहा. एक लँड रेडर आणि पाच टर्मिनेटर काढा. त्या जागी पाच-पाच इंटरसेसरांची आणखी दोन युनिटं, एक स्काउट स्क्वॉड आणि जंप पॅकवाले पाच असॉल्ट इंटरसेसर; चालू पॉइंट तपासून घ्या, हिशोब साधारण बसतो. एक इंटरसेसर युनिट घरच्या मार्करवर भिंतीमागे बसवा आणि पाचही फेऱ्या हलवू नका. कंटाळवाणं काम आहे, पण गुण तिथूनच येतात. दुसरं आणि तिसरं मधल्या मार्करांसाठी, एकापाठोपाठ एक: पहिलं पडलं की दुसऱ्याने जागा भरायची. स्काउट आणि जंप पॅकवाले दुय्यम मोहिमांच्या पत्त्यांसाठी राखा. कुठल्या पत्त्याला टेबलाच्या वेगवेगळ्या चतुर्थांशांत युनिटं हवी असतात, कुठल्याला शत्रूच्या मांडणीच्या पट्ट्यात. काहींसाठी युनिटाला त्या पाळीतला गोळीबार सोडून ठरलेली कृती करावी लागते. लँड रेडरचा गोळीबार त्यापायी गमावणं परवडत नाही, स्काउटांचा परवडतो.

शेवटचं, टेबल तपासा. अवशेषांच्या भिंती कमी असतील तर कोणतंही पायदळ मार्करवर टिकत नाही. मध्यभागी दृष्टी पूर्ण अडवणारे किमान दोन मोठे अवशेष हवेत आणि मांडणीच्या पट्ट्यात निदान निम्मी फौज लपेल इतका आडोसा. पायदळ अवशेषाच्या भिंतीतून आरपार जातं, रणगाड्याला वळसा घालावा लागतो, हेही मांडताना लक्षात ठेवा.

प्रश्न: डीप स्ट्राइक करून (राखीव युनिट डावाच्या मध्येच शत्रूजवळ उतरवून) उतरलो की चार्ज बहुतेक वेळा फसतो. फासेच खोटे आहेत का?

फासे ठीक आहेत. शत्रूपासून ९ इंचांपेक्षा जास्त अंतरावर उतरावं लागतं आणि चार्ज पुरा व्हायला त्याच्या १ इंचाच्या आत पोचावं लागतं. म्हणून अगदी कडेला उतरलात तरी दोन फाशांवर ९ हवे. ३६ पैकी १० वेळा पडतात, म्हणजे २८ टक्क्यांच्या आत. एक कमांड पॉइंट खर्चून फेरफासा घेतलात तर ४८ टक्क्यांच्या जवळ जाता. अजूनही छाप-काट्याहून कमीच! ८ साठी ४२ टक्के, ७ साठी ५८, ६ साठी ७२. उतरायचं ते चार्ज जमेल या भरवशावर नाही. नाही जमला तरी त्या जागी उभं राहून काहीतरी साधेल, एखादा मार्कर, एखादा पत्ता, अशा ठिकाणी उतरा. आणि उतरण्याआधी मोजा. या खेळात आगाऊ मोजमाप केव्हाही चालतं, तरी पुष्कळजण नजरेच्या अंदाजाने इंचाहून जास्त मागे उतरतात. मग नऊऐवजी दहा लागतात आणि शक्यता १७ टक्क्यांवर येते.

प्रश्न: स्प्रेने प्रायमर (रंगाआधीचा तळाचा थर) मारल्यावर दहाही मॉडेलं वाळूच्या कागदासारखी खरखरीत झाली. वाचवता येतील का?

खरखर म्हणजे रंगाचे थेंब मॉडेलवर पोचण्याआधी हवेतच सुकले. कारणं तीन: डबा फार लांब धरला, हवा फार गरम किंवा वाऱ्याची होती, किंवा डबा पुरता हलवला नव्हता. दमट हवेत वेगळा दोष येतो. पृष्ठभाग खरखरीत न होता त्यावर पांढुरकं धुकं धरतं.

आधी खरखर किती आहे ते पाहा. पूर्ण सुकल्यावर जुन्या कडक टूथब्रशने कोरडंच घासा. वरवरची पूड असेल तर निघते. त्यानंतर पातळ बेस रंगाचे दोन हात दिले की पायदळावर काही दिसत नाही. चिलखताच्या रुंद सपाट भागांवर मात्र वॉश (खाचांत साचणारा पातळ रंग) टाकलात की प्रत्येक कण उठून दिसेल. तिथे रंग उतरवणंच बरं. त्याची रीत जुन्या फौजेच्या उत्तरात दिली आहे.

पुढच्या वेळी डबा दोन मिनिटं घड्याळ लावून हलवा; आतली गोळी वाजायला लागल्यापासून मोजायचं. हवा थंड असेल तर डबा कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवा. उकळत्या पाण्यात किंवा आगीजवळ कधीच नाही, फुटतो. अंतर २० ते २५ सेंटिमीटर. फवारा मॉडेलच्या बाहेर सुरू करून मॉडेलवरून ओढत नेऊन बाहेरच बंद करायचा. एका जागी थांबलात की चेहऱ्याचे तपशील बुजतात. पहिल्या हातात राखाडी प्लास्टिक मधूनमधून दिसलं पाहिजे. दोन-तीन हलके हात, मध्ये दहा मिनिटं. आणि सर्वांत आधी रिकाम्या स्प्रूच्या (मॉडेलचे भाग ज्या चौकटीत येतात तिच्या) तुकड्यावर मारून पाहा. तुकडा खरखरीत निघाला तर त्या दिवशी डबा बंद. मॉन्सूनसारख्या सतत दमट दिवसांत ब्रशने लावायचं प्रायमर वेळखाऊ असलं तरी बिनधोक.

कॉन्ट्रास्ट प्रकारचे (एकाच हातात छाया-उजेड देणारे पातळ) रंग वापरणार असाल तर प्रायमर पांढरा किंवा फिक्या छटेचा हवा. काळ्यावर त्यांचा काही उपयोग नाही. सपाट भागावर रंगाचं तळं साचायला लागलं तर तो ओला असतानाच कोरड्या ब्रशच्या टोकाने टिपून घ्या. अर्धवट सुकल्यावर हात लावलात की चहाच्या कपाखाली उमटतं तसं वर्तुळ उमटतं.

प्रश्न: एकाच ड्रेडनॉटला शस्त्रं बदलता यावीत म्हणून चुंबक बसवायचे आहेत. साधनं आणि क्रम सांगाल का?

नियोडिमियमचे गोल चुंबक घ्या. पायदळाच्या हातांना २ मिलिमीटर व्यासाचे १ मिलिमीटर जाडीचे, ड्रेडनॉटच्या खांद्याला किंवा रणगाड्याच्या तोफेला ५ बाय २. सोबत हातड्रिल, १ मिलिमीटरपासून चुंबकाच्या मापापर्यंतची पाती आणि घट्टसर सुपरग्लू. प्लास्टिक सिमेंट इथे चालत नाही. ते पॉलिस्टायरीन वितळवून दोन तुकडे एकजीव करतं. धातूला ते धरतच नाही.

तुकडे आधी न चिकटवता जुळवून पाहा आणि सांध्याचा मध्य टोचून खूण करा. १ मिलिमीटरचं भोक सरळ पाडा, मग एकेक माप वाढवत जा. थेट ५ चं पातं लावलंत की ते सरकतं आणि हात वाकडा बसतो. भोक चुंबकाच्या जाडीइतकंच खोल. उथळ राहिलं तर सांध्यात फट दिसते, जास्त खोल गेलं तर पकड सुटते.

सर्वांत जास्त घोळ होतो तो ध्रुवांचा. एक चुंबक काडीच्या टोकाला चिकटवून ठेवा आणि शरीरातला प्रत्येक चुंबक त्या काडीने ओढला जाईल अशाच बाजूने बसवा. शस्त्रांतले चुंबक शरीरातल्या बसवलेल्या चुंबकावर ठेवून बाहेरच्या तोंडाला मार्करने ठिपका द्या, ठिपक्याची बाजू भोकात. हीच शिस्त सगळ्या फौजेत ठेवलीत तर एका ड्रेडनॉटचा हात दुसऱ्याला बसतो. ग्लू पूर्ण धरेपर्यंत, म्हणजे शक्यतो रातभर, शस्त्र लावून बघायचा मोह आवरा, नाहीतर चुंबक भोकातून उपटून समोरच्याला जाऊन चिकटतो. लांब, जड नळी एकाच चुंबकावर हळूहळू खाली झुकते. तिथे चुंबकाशेजारी तारेची बारीक खुंटी द्या. सुटे चुंबक लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. दोन गिळले गेले तर पोटात एकमेकांना ओढून आतड्याला इजा करतात.

प्रश्न: वापरलेली जुनी फौज मिळते आहे, रंगाचे थर जाड आहेत. घ्यावी का, आणि रंग कसा काढावा?

घेण्याआधी जवळून काढलेले फोटो मागा आणि तीन गोष्टी पाहा. एक, सामग्री: प्लास्टिक, रेझिन की धातू. दोन, सांधे कशाने जोडलेत. सिमेंटने जोडलेले उघडत नाहीत. सुपरग्लूचे सांधे, मॉडेलं काही तास फ्रीझरमध्ये ठेवली की, हलक्या हाताने तडकतात. तीन, बेसचं माप. स्पेस मरीन पूर्वी २५ मिलिमीटरच्या बेसवर येत, आता ३२ च्या. प्रायमरिस मरीन २०१७ मध्ये आले, त्याआधीची मॉडेलं त्यांच्याशेजारी ठेंगणी दिसतात. काही जुन्या युनिटांचे नियम आता ‘लेजेंड्स’मध्ये आहेत. मित्रांबरोबर खुशाल खेळा, बहुतेक स्पर्धांत मात्र ती चालत नाहीत.

रंग काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९० टक्क्यांहून तीव्र. झाकणाच्या बरणीत मॉडेल बुडेल इतकं घ्या, तासाभराने काढून टूथब्रशने घासा, कोपऱ्यांत लाकडी टोकदार काडी वापरा. हट्टी थर असेल तर पुन्हा बुडवा. स्प्रेचा प्रायमर सगळा निघेलच असं नाही; तपशील दिसत असतील तर त्याच्या मागे लागू नका. खिडक्या उघड्या, हातात मोजे, जवळ ज्योत नाही. रेझिन यात मऊ पडू शकतं, म्हणून आधी एक छोटा तुकडा टाकून बघा. अ‍ॅसिटोन, थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर प्लास्टिकच्या मॉडेलजवळ आणू नका. शिपायाचा लगदा होतो. धातूच्या मॉडेलांना ही भीती नाही.

प्रश्न: वीस बॉइझ मार्करपर्यंत लांबच लांब साखळीने नेले, तर समोरच्याने मधले मारून अर्धे काढायला लावले. हे नियमात बसतं?

थोडा घोळ झाला. कोणती मॉडेलं पडायची ते तुम्हीच ठरवायचं असतं, मारणाऱ्याने नाही. मात्र पाळीच्या शेवटी युनिट जुळलेलं नसेल तर जुळेपर्यंत मॉडेलं काढावीच लागतात. सात किंवा जास्त मॉडेलांच्या युनिटात प्रत्येकाच्या २ इंचांच्या आत त्याच युनिटाची दोन मॉडेलं हवीत. एकेरी रांग ही अट टोकांनाच मोडते, कारण शेवटच्या शिपायाला एकच शेजारी असतो. दुहेरी रांग करा किंवा दोन्ही टोकांना तिघांचा त्रिकोण ठेवा, आणि मेलेले नेहमी मार्करपासून लांबच्या टोकाकडून उचला. त्रिकोणाचा एक जरी उचललात तरी तिथला त्रिकोण लगेच पुन्हा जुळतो का ते मोजून मगच पुढचा काढा.